वेल्सच्या राष्ट्रीय निर्देशकांवर आपलं मत कसं नोंदवायचं

एलआयसीच्या पॉलिसीवर ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ असं छापलेलं आपण लहानपणापासून बघतो. योग म्हणजे जे नाही ते मिळवणं आणि क्षेम म्हणजे जे मिळालं आहे ते राखणं. देशाच्या उत्पन्नाचा आकडा यातल्या पहिल्याच शब्दाचा हिशेब ठेवतो. नदी स्वच्छ राहिली का, जमिनीचा कस टिकला का, आपली भाषा नातवंडांच्या तोंडी आहे का, ही क्षेमाची बाजू त्या आकड्यात कुठेच नसते.

वेल्सने ही दुसरी बाजू कायद्याने मोजायला घेतली. ‘भावी पिढ्यांचं कल्याण’ या नावाचा कायदा २०१५ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१६ पासून लागू झाला. काय मोजायचं याची, म्हणजे राष्ट्रीय निर्देशकांची, यादी सरकारला प्रसिद्ध करावी लागते, आणि त्याआधी लोकांचं मत घ्यावं लागतं. त्या वेळी आपण काय लिहायचं, कसं लिहायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. तो मुख्यतः कार्डिफ, स्वॉन्झी, न्यूपोर्ट या भागांत नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी लिहिला आहे. मत द्यायला इथलं नागरिकत्व लागत नाही. मतदारयादीत नाव लागत नाही. वयाचीही अट नाही. ‘आपण पाहुणे, आपण कशाला बोलायचं’ असं मनात असेल तर ते काढून टाका. तुमची मुलं इथल्या शाळेत जातात, तेव्हा कायद्याच्या नावातली भावी पिढी तुमच्या घरातही आहे.

आधी विचारलं काय आहे ते नीट ओळखा

महाराष्ट्रात विकास आराखडा निघाला की हरकती-सूचना मागवतात. आपण आपल्या सर्व्हे नंबरावरचं आरक्षण बघतो आणि हरकत लिहितो. इथे तसं नाही. इथे तुमच्या गल्लीचा प्रश्न सुटणार नसतो, तर गल्ल्यांची अवस्था कोणत्या आकड्याने ओळखायची ते ठरणार असतं. हा फरक लक्षात न आल्यामुळे पुष्कळ चांगली पत्रं वाया जातात.

तीन शब्द वेगळे ओळखता आले पाहिजेत. घरात कुणाला मधुमेह असेल तर ते लगेच कळतील. ‘तब्येत ठणठणीत राहावी’ हे ध्येय. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी हा निर्देशक. ‘दिवाळीपर्यंत ती सातच्या आत आणायची’ हा टप्पा.

वेल्सची ध्येयं सात आहेत आणि ती कायद्यातच लिहिलेली आहेत: समृद्ध, चिवट, अधिक निरोगी, अधिक समान, एकोप्याने राहणाऱ्या वस्त्यांचा, जिवंत संस्कृती आणि बहरत्या वेल्श भाषेचा, आणि जगाप्रती जबाबदार असा वेल्स. यांवर सहसा मत मागत नाहीत. मत मागतात ते निर्देशकांवर आणि टप्प्यांवर. निर्देशक २०१६ मध्ये ४६ होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते ५० झाले. टप्पे हे पुढच्या एखाद्या वर्षापर्यंत गाठायचे आकडे असतात. २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषक, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, २०५० पर्यंत १६ ते २४ वयाचे किमान ९० टक्के तरुण शिक्षणात, नोकरीत किंवा प्रशिक्षणात, असे काही टप्पे ठरलेले आहेत.

साखरेच्या नुसत्या आकड्यावरून औषध ठरत नाही, पण आकडाच नसेल तर आजार आहे हेही कळत नाही. या उदाहरणातलं एवढं धरून ठेवा, पुढे लागेल.

हे गांभीर्याने का घ्यायचं

इथे थोडं थांबतो, कारण ‘कागदावर कागद’ असं म्हणून लोक उठून जातात.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण वेल्समधल्या अबरव्हान गावात डोंगरावर रचलेला कोळसाखाणीचा राडारोडा शाळेवर कोसळला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. तो ढीग झऱ्यावर रचलेला होता. १९६३ मध्येच स्थानिक परिषदेच्या अभियंत्याने कोळसा मंडळाला शाळेमागच्या या धोक्याबद्दल पत्र लिहिलं होतं. कोळशाचा हिशेब टनाटनाने ठेवला जात होता. ढिगाचा हिशेब कुणाच्याच वहीत नव्हता.

आणि हे तेवढ्यावर संपलं नाही. फेब्रुवारी २०२० च्या वादळात टायलर्सटाउनजवळ असाच एक जुना ढीग घसरला. सुदैवाने त्यात कुणी दगावलं नाही. त्यानंतर देशभरातल्या बंद खाणींच्या ढिगांची नीट मोजदाद हाती घेतली गेली आणि आकडा निघाला अडीच हजारांहून जास्त. अबरव्हाननंतर अर्धं शतक उलटून गेलं होतं. एका पिढीने न मोजलेली गोष्ट दुसऱ्या पिढीच्या डोक्यावर उभी राहते ती अशी. मी हा लेख लिहायला बसलो त्याचं कारण हेच आहे.

कायद्याला वजन किती, हेही विचारलं जातं. न्यूपोर्टजवळ एम-४ महामार्गाला पर्यायी रस्ता काढायचा प्रस्ताव होता. तो ग्वेंट लेव्हल्स या पाणथळ प्रदेशातून जाणार होता. चौकशी अधिकाऱ्याने रस्त्याच्या बाजूने शिफारस केली होती. भावी पिढ्यांची बाजू मांडण्यासाठी या कायद्याने एक आयुक्त नेमला जातो. पहिल्या आयुक्त सोफी हाउ यांनी याच कायद्याच्या आधारे रस्त्याला विरोध केला होता. जून २०१९ मध्ये तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे वेल्सचे मुख्यमंत्री, मार्क ड्रेकफर्ड यांनी खर्च आणि पर्यावरण ही कारणं देऊन प्रस्ताव नाकारला. एकट्या कायद्याने हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण ‘तीस वर्षांनंतर काय’ हा प्रश्न त्या टेबलावर होता, आणि तो तिथे येण्याची वाट कायद्याने करून दिलेली होती.

कागद हातात आला की

वेल्स सरकारच्या संकेतस्थळावर कन्सल्टेशन्सचा, म्हणजे लोकांची मतं मागवण्याचा, वेगळा विभाग आहे. कागद वेल्श आणि इंग्रजीत असतो. पुष्कळदा सोप्या भाषेतली आणि तरुणांसाठीची आवृत्तीही देतात. सोपी आवृत्ती आधी वाचा. त्यात कमीपणा काही नाही, उलट सरकारला नेमकं काय म्हणायचं आहे ते तिथेच चटकन कळतं.

मग मोठा कागद उघडा, पण पहिल्या पानापासून वाचू नका. आधी शेवटची तारीख बघून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. साधारण आठ ते बारा आठवडे मिळतात आणि ते भुर्रकन जातात. नंतर प्रश्नांची यादी वाचा, आणि मग परिशिष्टातला निर्देशकांचा तक्ता. प्रस्तावना राहिली तरी चालेल.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत नाहीत. एकाच प्रश्नाचं उत्तर पाठवलं तरी ते धरलं जातं. मी नव्या माणसाला नेहमी सांगतो: पन्नासांपैकी दोनच निवडा. एक असा, की ज्याची झळ तुमच्या रोजच्या जगण्याला लागते. दुसरा असा, की ज्याची झळ तुम्हाला कधीच लागणार नाही, पण तुमच्या नातवंडांना लागेल.

तक्त्यात काय काय आहे याची थोडी चव देतो, म्हणजे निवडायला सोपं जाईल. २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची जन्मणारी बाळं. निरोगी आयुष्याची वर्षं. हवेतलं नायट्रोजन डायऑक्साइड. मातीतला कार्बन आणि सेंद्रिय अंश. एकटेपणा जाणवणारी माणसं. पुराचा धोका असलेली घरं. रोज वेल्श बोलणारी माणसं. आपल्या भागाच्या निर्णयांवर आपला प्रभाव पडतो असं वाटणारी माणसं. २०२१ मध्ये जे चार नवे आले त्यांत न्यायव्यवस्थेवरचा विश्वास, चालत-सायकलने-सार्वजनिक वाहनाने होणारे प्रवास, उत्पन्नाचा ३० टक्के किंवा जास्त हिस्सा घरावर खर्च होणारी कुटुंबं आणि डिजिटल समावेश हे आले. म्हणजे यादी हलते. एकदा ठरली की ठरली, असं नाही.

गाऱ्हाणं आणि मोजमाप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचं तासाभरात होतं.

आमच्या मंडळाच्या गणपतीच्या बैठकीला जोडून आम्ही एकदा अर्धा तास या विषयासाठी ठेवला. एक ताई रुग्णालयात नर्स आहेत आणि गाडी चालवत नाहीत. त्या म्हणाल्या, “रविवारी सकाळच्या ड्यूटीला जायला बसच नाही. दर रविवारी टॅक्सी करते.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकाने लगेच लिहून घेतलं: ‘रविवारी बस सुरू करावी.’

मागणी रास्त आहे, पण ती जायला हवी बस चालवणाऱ्यांकडे आणि स्थानिक परिषदेकडे. निर्देशकांच्या प्रश्नावलीत ती टाकली तर वाचणारा अधिकारी ‘विषयाबाहेर’ असा शेरा मारून पुढे जाईल, आणि त्यात त्याची चूक नसेल. म्हणून आम्ही तिथेच उलटा विचार केला. ताईंची अडचण आत्ताच्या यादीतल्या कोणत्या आकड्यात दिसते?

पहिल्यांदा वाटतं, ४८ व्या निर्देशकात दिसेल, प्रवासांच्या. पण नीट बघा. तो मोजतो झालेल्या प्रवासांपैकी किती प्रवास चालत, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने झाले. ताईंनी टॅक्सी केली, म्हणजे त्यांचा प्रवास नको त्या रकान्यात गेला. इथवर आकडा काहीतरी सांगतो. पण शेजारच्या ज्या बाई बस नाही म्हणून घरातच राहिल्या, त्यांचा प्रवास झालाच नाही. जो झाला नाही तो मोजला गेला नाही. उद्या त्या भागातली शेवटची बस बंद झाली आणि गाडी नसलेली माणसं घरी बसली, तर हा आकडा फारसा हलणारही नाही. हे लक्षात आलं तेव्हा बैठकीत सगळे गप्प झाले. गाऱ्हाण्याचं मोजमाप झालं ते त्या क्षणी.

तुमच्या गाऱ्हाण्यालाही असेच प्रश्न विचारा. हा त्रास आत्ताच्या कोणत्या आकड्यात दिसायला हवा? तिथे तो दिसतो का? दिसत नसेल तर कोण गळतं? आकडा वाढला तर चांगलं की वाईट, हे शेंबडं पोरही सांगू शकेल का? (सांगता येत नसेल तर तो निर्देशक कच्चा आहे.) आणि त्यासाठी लागणारी माहिती कुणीतरी आधीच गोळा करतं का? हा शेवटचा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण सरकारी टेबलावर तोच सगळ्यांत आधी विचारला जातो. कायद्यालाही तेच हवं आहे. निर्देशक मोजता येणारा असला पाहिजे, मग तो आकड्यात असो की गुणवर्णनात.

आकडा कुठून येतो ते बघा

यादीतले बरेच आकडे वेल्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून येतात. त्यात वर्षाला सुमारे १२ हजार माणसांशी बोलतात. वय १६ किंवा त्याहून जास्त, आणि खासगी घरात राहणारी. म्हणजे लहान मुलं त्यात नाहीत, वृद्धाश्रमातली माणसं नाहीत.

आता आपला हिशेब करून बघा. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये आशियाई म्हणून नोंदलेली माणसं २.९ टक्के होती. ढोबळमानाने १२ हजारांतली साडेतीनशे. त्यांना २२ परिषदांमध्ये वाटलं तर एकेका परिषदेच्या वाट्याला सोळा माणसं येतात. सोळा माणसांवरून ‘इथल्या आशियाई लोकांना एकटेपणा किती’ हे कोणताही प्रामाणिक संख्याशास्त्रज्ञ सांगणार नाही. म्हणून तो आकडा दिला जात नाही, आणि दिला जात नाही म्हणून प्रश्न नसल्यासारखा भासतो. यावर करण्यासारखी मागणी साधी आहे: तीन-चार वर्षांची माहिती एकत्र करून आकडा द्या. नवा खर्च नाही, नवं सर्वेक्षण नाही. अशी मागणी अधिकाऱ्यांना आवडते आणि ती करताना आपलीही मान ताठ राहते.

भाषेचाही प्रश्न आहे. बैठकीत एक काकू होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. एकटेपणाचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, “घर भरलेलं आहे, एकटं कसं म्हणू? पण दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही.” हे सर्वेक्षण इंग्रजी किंवा वेल्शमध्ये होतं. काकूंना दोन्ही येत नाहीत. त्यांचं हे वाक्य, जे मला अजून विसरता आलेलं नाही, कोणत्याच आकड्यात शिरणार नव्हतं. आम्ही ते जसंच्या तसं, नाव न घालता, उत्तरात लिहिलं आणि पुढे मागणी जोडली: ज्यांना या दोन्ही भाषा येत नाहीत त्यांच्यातला एकटेपणा दर काही वर्षांनी वेगळा अभ्यासून सांगावा, आकड्यात नसला तर वर्णनात सांगावा.

स्रोत बदलला की उत्तर किती बदलतं याचा एक धडा वेल्शभाषकांच्या आकड्यात आहे. २०२१ च्या जनगणनेने सांगितलं १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. त्याच सुमारास दुसरं एक सरकारी सर्वेक्षण २९ ते ३० टक्के सांगत होतं. माणसं तीच, देश तोच. विचारायची पद्धत वेगळी आणि उत्तर देणारा माणूस वेगळा. मग दहा लाखांचा टप्पा कोणत्या पट्टीने मोजायचा? इथे जनगणनेची पट्टी धरलेली आहे. तुम्ही एखादा नवा निर्देशक सुचवाल तेव्हा पट्टी कोणती हेही सांगा, नाहीतर पाच वर्षांनी प्रत्येक जण आपल्याला हवा तो आकडा दाखवेल.

मराठी माणसाला या भाषेच्या निर्देशकांवर बोलायला संकोच वाटू नये. तिथे दोन वेगळे आकडे आहेत, एक वेल्श बोलता येणाऱ्यांचा आणि दुसरा ती रोज बोलणाऱ्यांचा. परदेशात मुलांना मराठी ‘कळतं’ आणि मुलं मराठी ‘बोलतात’ यातलं अंतर ज्या आईबापांनी घरात अनुभवलं आहे, त्यांच्याइतकं या फरकावर कोण लिहू शकेल? ज्यांची मुलं वेल्श माध्यमाच्या शाळेत जातात त्यांनी तर जरूर लिहावं.

पुढच्या पिढीचा निर्देशक निवडताना

दुसऱ्या निर्देशकाची निवड करताना एक भेद उपयोगी पडतो: साठा आणि वाहता ओघ. पगार हा ओघ, ठेव हा साठा. पुढच्या पिढीला हातात मिळतो तो साठा. मातीतला सेंद्रिय अंश, भूजल, जैवविविधता, ऐतिहासिक वास्तू, भाषा बोलणारी माणसं, हे सगळे साठे आहेत. त्यांचे आकडे वर्षावर्षाला हलत नाहीत, म्हणून बातमीत येत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं. ‘हा निर्देशक कंटाळवाणा आहे पण काढू नका’ असं लिहिणं हेही पूर्ण उत्तर आहे. लोक नवं काहीतरी सुचवण्याच्या नादात असलेलं टिकवायला सांगत नाहीत, आणि मग ते यादीतून गुपचूप गळतं.

कमी वजनाच्या बाळांचा निर्देशक यादीत पहिला आहे, तो मला सगळ्यांत शहाणा वाटतो. एका तराजूवर आईचं खाणं, तिची झोप, धूम्रपान, घरातली ओल, गरिबी, सगळं उतरतं, आणि त्याच बाळाची पुढची तब्येत बऱ्याच अंशी तिथूनच सुरू होते. आज वजन करायचं आणि साठ वर्षं पुढचं बघायचं.

आपला थेट संबंध असलेला आणखी एक: ४२ वा. वेल्समध्ये वापरल्या जाणाऱ्या, पण जगात दुसरीकडे बनणाऱ्या वस्तूंमागचं उत्सर्जन. कार्डिफच्या दुकानातला सदरा भारतात शिवलेला असेल, तर त्यामागचा धूर आपल्या गावाकडच्या हवेत गेलेला असतो, आणि वेल्सचा स्वतःच्या हद्दीतला आकडा मात्र स्वच्छ दिसतो. हद्दीतल्या उत्सर्जनासाठी वेगळा ४१ वा निर्देशक आहे. दोन्ही शेजारी शेजारी राहिले पाहिजेत. आपले नातेवाईक ज्या हवेत राहतात तिचा हिशेब इथल्या सरकारने ठेवावा असं म्हणायचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कुणाचा असेल?

प्रत्यक्ष लिहिणं

आधी मराठीत लिहा. मनातलं मराठीत स्पष्ट झालं की भाषांतर घरातलं कॉलेजला जाणारं पोर करून देईल. पाठवायचं मात्र इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये. भाषा साधी ठेवा, दोनशे-अडीचशे शब्द पुष्कळ झाले. काय हवं ते पहिल्या वाक्यात, का ते पुढच्या दोन-तीन वाक्यांत, कसं मोजायचं ते शेवटी. आपला अनुभव जरूर घाला, पण त्याला मागणीच्या मागे उभा करा.

बसच्या विषयावर आम्ही जे लिहिलं ते साधारण असं होतं:

“निर्देशक ४८ ठेवावा, पण जोडीला आणखी एक आकडा द्यावा. आत्ताचं प्रमाण झालेल्या प्रवासांतून निघतं. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ज्यांना बस मिळत नाही ते घरी राहतात आणि हिशेबातून गळतात. आमच्यातली एक नर्स रविवारी सकाळी कामावर टॅक्सीने जाते, तिची शेजारीण कुठेच जात नाही. म्हणून गाडी नसलेल्या घरांपैकी किती घरांतून रविवारी सकाळी आठपूर्वी सार्वजनिक वाहनाने जवळच्या रुग्णालयात पोचता येतं, हे मोजावं. बसची वेळापत्रकं आणि जनगणनेतली गाडी नसलेल्या घरांची माहिती आधीच उपलब्ध आहे. आकडा प्रत्येक परिषदेसाठी वेगळा द्यावा.”

यात कुणावर राग नाही, कुणाला दोष नाही. वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं. ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “माझं बोलणं मलाच पहिल्यांदा नीट कळलं.”

प्रश्नावलीच्या शेवटी एक ठरलेला प्रश्न असतो: या प्रस्तावाचा वेल्श भाषेवर काय परिणाम होईल? तो सगळ्याच कन्सल्टेशनमध्ये असतो, त्यामुळे गोंधळू नका. सांगण्यासारखं असेल तर लिहा, नसेल तर सोडा. आणखी एक चौकट असते, तुमचं नाव उत्तराबरोबर प्रसिद्ध करायचं की नाही याची. नाव नको असेल तर तिथे खूण करायला विसरू नका, विशेषतः सरकारी रुग्णालयात नोकरी असेल आणि अनुभव कामावरचा असेल तर.

एकट्याने की मिळून

दोन्ही चालतं, पण एकच मजकूर तीस जणांनी पाठवू नका. तसा गठ्ठा आला की तो बहुधा एकच मुद्दा म्हणून वाचला जातो. त्यापेक्षा मंडळाच्या नावाने एक नीट उत्तर द्या आणि त्यात किती जण बसले होते, कोणत्या वयाचे, कोणत्या कामातले, हे लिहा. शिवाय ज्याला जमेल त्याने आपलं स्वतःचं, आपल्या शब्दांत, वेगळं पाठवावं.

मुलांना बसवा. वेल्समध्ये सोळाव्या वर्षी सेनेदसाठी, म्हणजे इथल्या विधिमंडळासाठी, मतदान करता येतं. त्याहून लहान मुलांनाही कन्सल्टेशनमध्ये आपलं मत नोंदवता येतं. कायदा होण्याआधी २०१४ मध्ये ‘आपल्याला हवा तो वेल्स’ या विषयावर देशभर सभा-बैठका झाल्या, त्यातूनच या सात ध्येयांना आकार आला. त्याच्याही आधी, २०१०-११ मध्ये, ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने ‘तुमच्यासाठी महत्त्वाचं काय’ असं लोकांना विचारलं होतं आणि ३४ हजार प्रतिसाद आले होते. अशी दारं उघडतात तेव्हा आत जाऊन बोलणारी माणसं बरीचशी संस्थांची असतात. बारा वर्षांची मुलगी ‘शाळेत चालत जाताना मला भीती वाटते का, हे मला कुणी विचारतच नाही’ असं लिहिते तेव्हा ते पान वेगळं दिसतं. सुरक्षित वाटण्याचा निर्देशक यादीत आहे, पण प्रौढांचा.

पाठवल्यानंतर

ऑनलाइन अर्ज, ईमेल, टपाल, तिन्ही चालतात. ऑनलाइन अर्जात थेट टाइप करू नका, दुसरीकडे लिहून चिकटवा. पोच आली की ती आणि तुमच्या मजकुराची प्रत एका ठिकाणी ठेवा.

काही महिन्यांनी आलेल्या उत्तरांचा सारांश प्रसिद्ध होतो. तो नक्की उघडा. तुमचा मुद्दा अर्ध्या ओळीत आला असेल, ‘काही जणांनी असं सुचवलं’ इतकंच. ते ‘काही जण’ म्हणजे तुम्ही. त्यावर सरकारने काय म्हटलं ते वाचा, नकार असेल तर कारण टिपून ठेवा. पुढच्या फेरीत तिथूनच सुरुवात करता येते. अंतिम यादी सेनेदपुढे मांडली जाते, आणि त्यानंतर सरकार दर वर्षी ‘वेलबीइंग ऑफ वेल्स’ या नावाचा अहवाल काढतं. त्यात आपल्या दोन निर्देशकांची पानं बघायची. बाकी अहवाल नाही वाचला तरी चालेल.

राष्ट्रीय यादीची पुढची फेरी येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. याच कायद्याखाली प्रत्येक भागात पब्लिक सर्व्हिसेस बोर्ड असतं. त्यात परिषद, आरोग्य मंडळ, अग्निशमन दल आणि निसर्गसंपत्तीची संस्था एकत्र बसतात. त्यांना आपल्या भागाच्या कल्याणाची पाहणी करावी लागते आणि स्थानिक निवडणुकीनंतर वर्षभरात योजना प्रसिद्ध करावी लागते. मागच्या स्थानिक निवडणुका मे २०२२ मध्ये झाल्या, पुढच्या मे २०२७ मध्ये येतात. पाहणी योजनेच्या वर्षभर आधी पूर्ण व्हायला हवी असते, म्हणजे लोकांना विचारण्याचं काम निवडणुकीच्या आधीच्या महिन्यांत चालतं. तिथे येणारी उत्तरं थोडी असतात आणि वाचणारी माणसं तुमच्याच गावातली असतात. आपल्या परिषदेच्या नावापुढे ‘पब्लिक सर्व्हिसेस बोर्ड’ हे शब्द जोडून शोधा, त्यांची मागची पाहणी उघडा आणि आपल्या भागाच्या पानावर बसबद्दल, एकटेपणाबद्दल, पुराबद्दल काय लिहिलं आहे ते बघा. ताईंच्या रविवारच्या बसचं गाऱ्हाणं आम्ही पहिल्या दिवशी जसं लिहून घेतलं होतं, तसंच, एक शब्द न बदलता, तिथे पाठवता येतं.